शंभर दाण्यांत एक दाणा

रेशनचा तांदूळ धुवायला घेतला की काही दाणे पाण्यावर तरंगतात. बाकीच्या दाण्यांहून जरा पिवळट, जास्तच गुळगुळीत आणि सगळे एका साच्यातून काढल्यासारखे. गेल्या काही वर्षांत या दाण्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी खळबळ उडवली. ‘रेशनमध्ये प्लास्टिकचा तांदूळ आला’ असे व्हिडिओ फिरले, दुकानदारांशी भांडणे झाली, तहसील कार्यालयांना खुलासे काढावे लागले. अजूनही अनेक घरांत बायका ते दाणे वेचून बाजूला टाकतात किंवा धुतानाच पाण्याबरोबर सोडून देतात. म्हणजे सरकारने ज्या दाण्यात लोह घातले, नेमका तोच दाणा मोरीत जातो.

हा दाणा प्लास्टिकचा नाही. तुकडा तांदळाचे पीठ करायचे, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळायचे, आणि ते यंत्रातून दाबून पुन्हा तांदळाच्या आकाराचे दाणे पाडायचे. शंभर भाग साध्या तांदळात असे दाणे एक भाग मिसळले की झाला फोर्टिफाइड तांदूळ. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या निकषानुसार अशा एक किलो तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह, ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आणि ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम बी-१२ असायला हवे. २०१९ मध्ये पंधरा राज्यांत एकेक जिल्हा घेऊन प्रायोगिक योजना मंजूर झाली. आपल्याकडून त्यात गडचिरोली होता. त्या प्रयोगातून काय निघाले याची जाहीर चर्चा व्हायच्या आधीच १५ ऑगस्ट २०२१ रोजी लाल किल्ल्यावरून घोषणा झाली की २०२४ पर्यंत सरकारी योजनांतला सगळा तांदूळ असाच असेल. आधी अंगणवाडी आणि शाळेचा पोषण आहार, मग निवडक जिल्ह्यांतले रेशन, मग सगळे रेशन असे टप्पे झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना डिसेंबर २०२८ पर्यंत चालवायला १७,०८२ कोटी रुपये मंजूर केले.

अन्नात पोषकद्रव्य मिसळण्याला माझा विरोध नाही. या तांदळाने कुणाला विषबाधा होते असेही मी म्हणत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हा तांदूळ आणला तो रक्तक्षय, म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिन कमी होणे, हटवायला. पण रक्तक्षयाला दहा कारणे आहेत. त्यातले एकच आपण उचलले, कारण त्यावरचा उपाय टनांत मोजता येतो, गोदामात ठेवता येतो आणि उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण झाल्याचा अहवाल दिल्लीला पाठवता येतो. उरलेल्या नऊ कारणांसाठी असा अहवाल लिहिता येत नाही, म्हणून ती मागे पडली. आणि जे एक कारण उचलले, त्यावरचा उपायही जिथे कमी उपयोगाचा, तिथेच सर्वांत सक्तीने लागू झाला.

या धोरणामागे आयोडीनयुक्त मिठाचे यश आहे, ते आधी मान्य केले पाहिजे. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून मिठात आयोडीन घालून पाहिले आणि गलगंड झपाट्याने कमी झाला. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि आज आयोडीन नसलेले खाण्याचे मीठ शोधावे लागते. ते जमले, कारण तिथे सगळ्या गोष्टी जुळून आल्या होत्या. गलगंडाचे मुख्य कारण एकच, आयोडीनची कमतरता. मीठ गरीब-श्रीमंत सगळे खातात, आणि जवळपास सारखेच खातात. आयोडीन लागते अगदी थोडे, त्याने मिठाचा रंग-चव बदलत नाही, आणि पोटात गेलेले जवळजवळ सगळे शोषले जाते. जास्त झाले तर बहुतेक लघवीवाटे निघून जाते.

लोहाचे यातले एकही लक्षण जुळत नाही. चांगले शोषले जाणारे लोह अन्नात घातले की अन्न काळपट पडते, तोंडात लोखंडाची चव येते. चव-रंग न बदलणारे लोह घ्यावे तर ते नीट विरघळत नाही आणि शोषलेही कमी जाते. तांदळात घालतात ते फेरिक पायरोफॉस्फेट या दुसऱ्या जातीचे. वर आपल्या जेवणातली धान्ये-कडधान्ये फायटेट घेऊन येतात, जेवणाला लागून चहा आला तर त्यातले टॅनिन येते, आणि ही दोन्ही लोहाला आतड्यातच अडवतात. जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. म्हणून शरीर दारातच पहारा ठेवते. अंगात संसर्ग असला, पोट सतत बिघडत असले, कसलाही दाह चालू असला की यकृतातून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक जास्त सुटते आणि ते लोहाचे शोषण रोखते. ज्या मुलाला महिन्याआड जुलाब होतात, ज्याच्या पोटात जंत आहेत, ज्याच्या वस्तीवर मलेरिया आहे, त्याला लोह कितीही चारा, मोठा भाग तसाच शौचावाटे जातो. आतड्यात पडून राहिलेल्या लोहावर तिथले अपायकारक जंतू पोसले जातात, ते वेगळेच. आफ्रिकेजवळच्या पेम्बा बेटावर मलेरियाच्या भागात लहान मुलांना रोज लोह-फॉलिक ॲसिड दिल्यावर गंभीर आजार आणि मृत्यू वाढले, आणि २००६ मध्ये ही गोष्ट जगापुढे आली. त्या मुलांना दिलेली मात्रा औषधाची होती, तांदळातली नव्हती, हे खरे. पण ‘लोह म्हणजे जितके द्याल तितके चांगलेच’ ही समजूत तिथे संपायला हवी होती.

आता थोडा साधा हिशोब. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. महाराष्ट्रातल्या बऱ्याच जिल्ह्यांत या पाच किलोंत गहू आणि तांदूळ दोन्ही असतात. तांदूळ दोन किलो धरला तर दिवसाला माणशी ६७ ग्रॅम पडतो. त्यातून मिळणारे लोह रोजचे १.९ ते २.८ मिलिग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीच्या आहारात रोज २९ मिलिग्रॅम लोह हवे. शिवाय या तांदळातल्या लोहाचे शंभरातले पाच-दहा भाग शोषले गेले असे उदारपणे धरले, तरी अंगी लागते ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम, पाळी येणाऱ्या बाईला रोज दीड मिलिग्रॅमच्या आसपास शोषलेले लोह लागते. दाणे पाण्यात वाहून गेले, भाताची पेज काढून टाकली, किंवा रेशनचा तांदूळ विकून घरी ज्वारी आणली, तर हाही हिशोब उरत नाही. मराठवाड्यात, सोलापुरात, नगरच्या दुष्काळी तालुक्यांत ताटात मुख्य भाकरी असते. भात शेवटी दोन घास. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, कोकण इथे चित्र वेगळे. तिथे दोन्ही वेळा भात असतो, पाचही किलो तांदूळच मिळाला तर दिवसाला पाच-सात मिलिग्रॅम लोह पोटात जाऊ शकते आणि त्याला काही अर्थ आहे. म्हणजे एकाच राज्यात एकच तांदूळ दोन वेगळ्या गोष्टी करतो. योजना मात्र दोन्हीकडे एकच.

पुरावा काय सांगतो? जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने २०१९ मध्ये तांदळाच्या फोर्टिफिकेशनबद्दल लिहिले की रक्तक्षयाचा धोका कमी होण्यात त्याने फारसा किंवा काहीच फरक पडत नसावा. मिठात आयोडीनबरोबर लोहही घालण्याचा प्रयत्न आपल्याकडे जुना आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने असे दुहेरी मीठ बनवले. दार्जिलिंगच्या चहामळ्यांतल्या मजूर बायकांना असेच एक मीठ दिले तर त्यांच्या रक्तातले हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा वाढला. बिहारच्या खेड्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि शेरॉन बार्नहार्ट यांनी मोठ्या प्रमाणावर तेच करून पाहिले. स्वस्तात विकले, फुकटही वाटले. किशोरवयीन मुलामुलींत थोडा फरक दिसला, पण एकूण लोकसंख्येतल्या रक्तक्षयावर परिणाम जवळपास नाही. दार्जिलिंगच्या अभ्यासात मीठ पोटात जाते आहे की नाही यावर लक्ष होते. खुल्या बाजारात ते राहिले नाही, हा मोठा भेद. आणि सरकारी योजना चालते ती खुल्या बाजारासारखीच. दुसऱ्या बाजूला कोस्टा रिकाने गव्हाचे पीठ, मक्याचे पीठ आणि दूध या तिन्हींत लोह घातले, तेही चांगले शोषले जाणारे लोह निवडून, आणि तिथे मुलांमधला व बायकांमधला रक्तक्षय खरोखर उतरला.  थोडक्यात, फोर्टिफिकेशन चालते, पण योग्य वाहक, योग्य लोह आणि खरोखर लोहाचीच कमतरता असलेले लोक या तिन्ही अटी जमल्या तर.

तिसऱ्या अटीपाशी मला थांबायचे आहे, कारण तिथे आपली आकडेवारीच घोटाळ्याची आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने (२०१९-२१) सांगितले की देशातल्या ५७ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची ६७ टक्के मुले रक्तक्षयी आहेत. महाराष्ट्रात स्त्रिया ५४.२ टक्के, मुले ६८.९ टक्के. चौथ्या पाहणीत महाराष्ट्राचे हेच आकडे ४८ आणि ५३.८ होते. चार-पाच वर्षांत राज्यातल्या मुलांचा रक्तक्षय पंधरा टक्क्यांनी वाढावा असे काय घडले? उत्तर निदान काही अंशी बोटात आहे. या पाहणीत बोटाला टोचून आलेल्या थेंबावर चाचणी होते. थेंब यायला बोट दाबले की ऊतींतले पाणी त्यात मिसळते आणि हिमोग्लोबिन खरे असेल त्याहून कमी दिसते. २०१६-१८ च्या सर्वसमावेशक राष्ट्रीय पोषण पाहणीने शिरेतून रक्त घेतले, तेव्हा एक ते चार वर्षांच्या मुलांत रक्तक्षयाचे प्रमाण ४१ टक्क्यांच्या आत आले आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत २४ टक्क्यांच्या आत. पुढे डॉ. हर्षपाल सिंग सचदेव आणि सहकाऱ्यांनी याच पाहणीतल्या निरोगी भारतीय मुलांचे हिमोग्लोबिन बघून म्हटले की जागतिक आरोग्य संघटनेची सीमारेषाच आपल्या मुलांना उंच पडते. त्यांची सुचवलेली रेषा लावली तर एक ते एकोणीस वयोगटातला रक्तक्षय ३० टक्क्यांवरून ११ टक्क्यांच्या आसपास येतो. हा वाद मिटलेला नाही आणि मी त्यात पडणार नाही. पण देशातली दोन-तृतीयांश मुले रक्तक्षयी आहेत असे गृहीत धरून एवढा पैसा खर्च करायचा, आणि तो आकडा मोजणीच्या पद्धतीवर इतका खाली येतो, हे बरे लक्षण नव्हे. सहाव्या पाहणीतून सरकारने ही बोटाची चाचणी वगळली आणि शिरेतल्या रक्तावर चालणारी वेगळी आहार व जैवचिन्ह पाहणी हाती घेतली. चांगले केले. फक्त ते तांदूळ वाटायच्या आधी करायला हवे होते.

२०१६-१८ च्या त्या पोषण पाहणीतली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट निराळीच. रक्तक्षय गरीब घरांतल्या मुलांत जास्त सापडला. पण नुसती लोहाची कमतरता शहरी आणि सधन घरांतल्या मुलांत जास्त होती. रक्तक्षयी मुलांपैकी लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय झालेली मुले निम्म्याहून कमी. उरलेल्यांत काहींना फॉलेट (फॉलिक ॲसिडचेच अन्नातले रूप) किंवा बी-१२ कमी, आणि बऱ्याच जणांना दुसरेच काही: वारंवार संसर्ग, प्रथिनांची वानवा, हिमोग्लोबिनचे आनुवंशिक आजार. रेशनचा तांदूळ कुणाच्या घरी जातो? ज्यांचा रक्तक्षय लोहाने बरा होण्याची शक्यता त्यातल्या त्यात कमी, त्यांच्याच. लोह ज्यांना कमी पडते त्यातली बरीच मुले मॉलमधला पॉलिश केलेला बासमती खातात, त्यांच्या ताटात या धोरणाचा एक दाणाही पडत नाही.

‘पण त्या तांदळात बी-१२ देखील आहे’, असे योजनेचे समर्थक सांगतात. आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याभोवतालच्या सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा नव्वदच्या दशकात अभ्यास सुरू केला, तेव्हा जवळपास दोन-तृतीयांश बायकांमध्ये बी-१२ कमी निघाले. ज्या आयांमध्ये फॉलेट भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याची, म्हणजे मधुमेहाच्या वाटेवरची लक्षणे जास्त दिसली. म्हणजे हा प्रश्न आपल्या दारातला आहे. पण पुन्हा हिशोब करा: ६७ ग्रॅम तांदळातून बी-१२ मिळणार फार तर ०.०८ मायक्रोग्रॅम. रोज हवे दोन मायक्रोग्रॅमच्या वर. एका अंड्यात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम असते. म्हणजे एका अंड्याइतके बी-१२ मिळवायला जवळपास अर्धा किलो फोर्टिफाइड तांदूळ शिजवावा लागेल. अंड्यातले लोह काही चांगले शोषले जात नाही, ते मी लपवत नाही, पण प्रथिने आणि बी-१२ या दोन गोष्टींत त्याला तोड नाही. आणि याच महाराष्ट्रात २०२३ च्या अखेरीस शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू झाले, नि जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचा निधी थांबवून शाळांना लोकसहभागातून पाहा म्हटले. तांदळात लोह घालायला हजारो कोटी मिळतात, मुलाच्या हातात अंडे द्यायला मात्र गावातून वर्गणी काढायची!

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा प्रश्न आपल्याकडे टाळताच येत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, मेळघाट, नंदुरबार या पट्ट्यात या आजाराचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते, त्यांच्या अंगात लोह साठत जाते. थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांचे तर हेच मोठे दुखणे. म्हणूनच लोह घातलेल्या अन्नाच्या पाकिटावर या रुग्णांसाठी इशारा छापण्याची अट २०१८ च्या नियमांत होती. पुढे सरकारी तज्ज्ञ समितीने म्हटले की तांदळातले लोह इतके थोडे असते की या रुग्णांना धोका नाही, आणि २०२४ मध्ये तो इशाराच नियमातून काढला गेला. शास्त्र म्हणून समितीचे म्हणणे बरोबर असू शकेल; वरचा हिशोब मीच केला आहे, मात्रा खरोखर लहान आहे. पण मग दोन्हीकडून बोलता येणार नाही. मात्रा इतकी लहान की रुग्णाला बाधत नाही, आणि तीच मात्रा इतकी मोठी की देशाचा रक्तक्षय हटवेल, हे एका दमात कसे म्हणायचे?

शिवाय इशारा होता तेव्हाही तो कुणी वाचला? तो छापलेला असायचा पन्नास किलोच्या गोणीवर. गोणी फुटते रेशन दुकानात, आणि बाईच्या पिशवीत पडतो तो मोकळा तांदूळ. भामरागडच्या आदिवासी घरात फोर्टिफाइड अन्नावरचे ‘प्लस एफ’चे चिन्ह कधी पोचलेच नाही, पोचली ती प्लास्टिकची अफवा. बाजारात साधा, फोर्टिफाइड, सेंद्रिय असे सगळे प्रकार असतात आणि पैसेवाला हवे ते घेतो. रेशनवाल्याला निवड नाही. ज्याला निवड नाही त्याला निदान सांगायला तरी हवे. अफवा माजली ती लोकांच्या अडाणीपणामुळे, असे मला वाटत नाही. घरातल्या रोजच्या भातात काही मिसळले आणि कुणी येऊन सांगितले नाही, तर शहाण्या माणसालाही संशय येईल.

आता समर्थकांचा सर्वांत वजनदार मुद्दा. ते म्हणतात, गोळ्यांचा कार्यक्रम १९७० पासून चालू आहे. नाव बदलले, रंग बदलले, लहान मुलांना गुलाबी, किशोरींना निळी, गर्भवतींना लाल. पण रक्तक्षय हटला नाही, कारण लोक गोळ्या खात नाहीत. सवय बदलायची गरज नसलेला उपाय हवा, आणि भात तर माणूस खातोच. मुद्दा खोटा नाही. गोळीने मळमळते, शौचास काळे होते, बद्धकोष्ठ होते. शाळेत बाईंसमोर गोळी तोंडात टाकून जिभेखाली धरणाऱ्या आणि मागे जाऊन थुंकणाऱ्या मुली कुठल्याही शिक्षिकेला माहीत असतात. पण गोळ्या खाल्ल्या जात नाहीत यावरचा उपाय गोळी सोडणे हा नव्हे. किशोरींच्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते, आठवड्याला एक. आठ-साडेआठ मिलिग्रॅम रोजचे पडले, दोन किलो रेशनच्या तांदळाच्या तिप्पट-चौपट, तेही चांगले शोषले जाणारे. ती गोळी का थुंकली जाते, हे आशाताईला विचारले तर ती पाच मिनिटांत सांगेल: उपाशीपोटी दिली म्हणून, आधी जंताची गोळी दिली नाही म्हणून, शौच काळे होणार आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही हे कुणी सांगितलेच नाही म्हणून, मधले दोन महिने साठा संपला म्हणून. यातले कुठलेही काम मंत्रिमंडळाच्या ठरावाने होत नाही. ते आशाताई आणि अंगणवाडीताईच्या वेळेने आणि मानधनाने होते.

बाकी सल्ल्यांचीही आपल्याकडे गंमतच आहे. रक्त कमी म्हटले की दवाखान्याबाहेर पहिला शब्द ऐकू येतो तो बीट. बीट लाल, रक्त लाल, एवढाच काय तो संबंध. बीटमध्ये लोह बेताचे आणि डाळिंबात त्याहून कमी. बाळंतिणीला हळिवाचे लाडू देणाऱ्या आजीबाईला मात्र बरोबर ठाऊक होते. ताटात डावीकडे लिंबाची फोड वाढण्याची आपली रीतही शास्त्रशुद्ध आहे, कारण आंबट पदार्थातले क जीवनसत्त्व धान्यातले लोह शोषायला मदत करते. लिंबू गेले आणि जेवणावर लगेच चहा आला, तर उलट होते: शोषण निम्म्याहून खाली जाऊ शकते. बिडाच्या तव्यातून थोडे लोह अन्नात उतरते; त्याच्या जागी नॉनस्टिक आला, त्याचाही थोडा तोटा आहेच. या गोष्टी फुकट आहेत, पण त्यांच्यावर भर देणारे फलक मी आरोग्य केंद्रांत फार पाहिले नाहीत.

एक गोष्ट तांदूळवाले आणि बीटवाले दोघेही विसरतात. राष्ट्रीय पाहणीतच पुरुषांतला रक्तक्षय २५ टक्के आणि बायकांतला ५७ टक्के आहे. एकाच घरात, एकाच चुलीवर, एकाच गोणीतला तांदूळ. फरक तांदळात नाही. महिन्याला जाणारे रक्त, लागोपाठची बाळंतपणे, आणि सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाणे हा फरक आहे. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले होते, असे हीच पाचवी पाहणी सांगते. सोळाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी पहिले मूल आणि दीड वर्षात दुसरे, अशा मुलीचे हिमोग्लोबिन सातवर आले तर तिला तांदळाची जात बदलून द्यायची, हा उपचार नव्हे. पाळीत अति रक्तस्राव होतो म्हणून वर्षानुवर्षे घरीच सोसणाऱ्या बायका तर कुठल्याच आकड्यात येत नाहीत.

मग अन्नातून काही करायचेच नाही का? करायचे, आणि त्याचे उत्तर आपल्याच राज्यात तयार आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेबरोबर ‘धनशक्ती’ नावाचे बाजरीचे वाण काढले, जे २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाले. साध्या बाजरीतच पांढऱ्या तांदळाच्या कितीतरी पट लोह असते. या वाणात ते किलोला ७१ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे फोर्टिफाइड तांदळाच्या जवळपास दुप्पट. हे लोह दाण्यातच येते, कारखान्यात घालावे लागत नाही, धुताना तरंगून जात नाही. वाण संकरित नसल्याने शेतकरी बी घरी राखू शकतो. बाजरीतही फायटेट आहे, म्हणून लोह शोषले जाईल का ही शंका रास्त होती. ती तपासायला ग्रामीण महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये बारा ते सोळा वयाच्या मुलामुलींना या बाजरीची भाकरी आणि शेव देऊन चाचणी झाली आणि २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. चार महिन्यांत मुलांच्या अंगातला लोहाचा साठा वाढलेला दिसला. आणि लोह कमी असलेल्या ज्या मुलांनी ही बाजरी खाल्ली, त्यांची कमतरता सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता साध्या बाजरीवाल्यांच्या दीडपटीहून जास्त निघाली. भाकरी खाणाऱ्या मुलुखात, भाकरीतून.

या वाणाला रेशनमध्ये जागा का नाही? कारण रेशन म्हणजे पंजाब-हरियाणाचा गहू आणि छत्तीसगड-तेलंगणाचा तांदूळ असे आपण धरून चाललो आहोत. भरडधान्याची सरकारी खरेदी होते ती थोडी आणि अनियमित. रेशनमध्ये ज्वारी येते ती अधूनमधून. बाजरीचे पीठ लवकर कडवट होते ही खरी अडचण आहे, पण रेशनमध्ये पीठ नव्हे, दाणे द्यायचे असतात. संकरित बाजरीपेक्षा उत्पादन थोडे कमी येते, तर खरेदीचा भाव थोडा चढा ठेवायचा. तांदळाच्या दाण्यांसाठी यंत्रे बसवणाऱ्या गिरण्यांना हमी मिळाली, नाशिक-नगर-बीडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तशीच पाच वर्षांची खरेदीची हमी द्यायला काय हरकत आहे?

भाताच्या पट्ट्यात फोर्टिफाइड तांदूळ राहू द्यावा, पण राज्यभर एकच नियम नको. जिथे तो देतात तिथे दरवर्षी काही गावांत शिरेतल्या रक्ताची चाचणी व्हावी: हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन), बी-१२, दाहाची चाचणी आणि सिकलसेल. आकडे जिल्ह्याच्या नावाने जाहीर व्हावेत, चांगले असोत की वाईट. सिकलसेलसाठी केंद्राचे अभियान जुलै २०२३ पासून चालूच आहे. त्यातले ओळखपत्र असलेल्या घराला साधा तांदूळ मागण्याची सोय द्यावी, समिती काहीही म्हणो. दुकानात एक पाटी लावावी, मराठीत, आणि आदिवासी भागात माडिया, गोंडी, भिली किंवा कोरकूत.

आणि सुरुवात करायला आश्रमशाळांइतकी चांगली जागा नाही. तिथली मुले तिन्ही वेळा सरकारने दिलेलेच खातात, त्यामुळे कोण काय खाते याचा संशय राहत नाही. नंदुरबार आणि नाशिकमधल्या निम्म्या आश्रमशाळांत धनशक्ती बाजरीची भाकरी, आठवड्याला चार अंडी किंवा न खाणाऱ्यांना दूध, पानात लिंबू आणि जेवल्यावर निळी गोळी. उरलेल्या निम्म्यांत आत्ता आहे तेच. सहा महिने चालवायचे, आधी आणि नंतर रक्त तपासायचे, आणि नंतर बाजरीचे जेवण सर्वांना द्यायचे. आदिवासी विकास विभागाकडे स्वयंपाकघरे आहेत, राहुरीकडे बियाणे आहे, पुण्या-मुंबईत फेरिटिन मोजणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. पुढच्या खरिपात पेरणी झाली तर दिवाळीपर्यंत धान्य कोठारात येते.